पिकअपचं नाक वर घेताना: लेव्हलिंग किटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये राहतो आणि फोर्डची एफ-१५० पिकअप चालवतो. हे राज्य म्हणजे पिकअपचं माहेरघर, एफ-१५० तर इथल्याच डिअरबॉर्नच्या कारखान्यात तयार होते. मराठी मंडळात ट्रक असलेला माणूस म्हणजे गणपतीच्या मखराचं प्लायवूड वाहणारा हक्काचा माणूस. पार्किंगमध्ये ट्रकभोवती उभं राहून जे प्रश्न येतात, तेच इथे घेतले आहेत. मी मेकॅनिक नाही. घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या ट्रकला आणि दोन मित्रांच्या ट्रकना किट बसवलंय, एवढाच काय तो अनुभव.

लेव्हलिंग किट म्हणजे नक्की काय?

नवीन पिकअप बाजूने पाहिलीत तर ती पुढे किंचित झुकलेली दिसते. पुढचा भाग मागच्यापेक्षा साधारण एक ते अडीच इंच खाली असतो. पुढचा भाग तेवढा उचलून ट्रक आडवा सरळ करायचा सुट्टा सामानसंच म्हणजे लेव्हलिंग किट. लिफ्ट किट वेगळं. त्यात पुढचं-मागचं दोन्ही वर जातं, चार-सहा इंच उचलायचं असेल तर आर्म (चाक फ्रेमला जोडणारे दांडे), नकल (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग), कंसही बदलावे लागतात. इथे फक्त पुढचं नाक वर येतं.

मग कंपनी आधीच सरळ का देत नाही? चूक असते का ती?

चूक नाही. ती ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. पिकअपची मागची पेटी रिकामी असताना पाटे, म्हणजे मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग, फुगलेले असतात. हजार पाउंड खडी टाका किंवा ट्रेलर जोडा, मागचं खाली बसतं आणि ट्रक सरळ होतो. आपण रिकामा ट्रक सरळ केला, की भरलेला ट्रक मागे बसणार.

हे मला समजावलं ते माझ्या सासऱ्यांनी. ते कराडकडचे शेतकरी, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. किट बसवून आठवडा झाला होता आणि मी भाड्याचा ट्रेलर लावून अंगणात उभा. त्यांनी चहाचा कप हातात धरून ट्रकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "जावईबापू, गाडी उलाळ झालीय की." बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेवर भारच राहत नाही, तीच गत. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक मारताना पुढच्या टायरची पकड कमी पडते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. इंटरनेटवर तीन आठवडे वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका शब्दात शिरलं.

मग मी किट घ्यावं की नाही?

वर्षातून किती दिवस ट्रक भरलेला असतो, हे आधी मोजा. पेटीत बहुतेक वेळा किराणा, मुलाची सायकल आणि क्वचित आयकियाचं कपाट जात असेल, तर खुशाल घ्या. दर शनिवारी बोट किंवा कॅम्पर ओढत असाल तर घेऊ नका, किंवा दोन इंचांऐवजी एकच इंच उचला. फक्त दिसायला छान म्हणून घ्यायला माझी हरकत नाही, मीही त्यासाठीच घेतलं. पण तसं स्वतःशी कबूल केलं की गरजेपेक्षा जास्त उंचीचं किट घेतलं जात नाही.

किती इंचांचं घ्यायचं, हे कसं ठरवायचं?

टेप घ्या आणि मोजा. "एफ-१५० ला दोन इंच" हे तयार उत्तर पुष्कळदा बरोबर निघतं, पण इंजिन, केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह आणि पाट्यांचं वय यांनुसार फरक पडतो. चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली की आकडा फसतो.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, इथल्या गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती असते, तिथे डोळ्यांना ट्रक सरळ दिसला तरी तो सरळ नसतो. मोजमाप सपाट पार्किंगमध्ये घ्या. दुसरा, पुढच्या आणि मागच्या फेंडरची कमान एकाच मापात कापलेली असेलच असं नाही. म्हणून दारांखालच्या पट्टीला पाणसळ लावून तिचा उतारही पाहा.

माझ्या ट्रकला पुढे साडेवीस आणि मागे सव्वाबावीस इंच भरलं. फरक पावणेदोन. मी दीड इंचाचं घेतलं आणि पाव इंच नाक खालीच ठेवलं. लांबून पाहताना कोणाला कळत नाही, आणि मखराचं प्लायवूड भरलं तरी ट्रक मागे बसलेला दिसत नाही.

डावी बाजू उजवीपेक्षा खाली आहे. किट बिघडलंय का?

किटच्या आधीही तशीच असेल. ड्रायव्हर डावीकडे, बऱ्याच ट्रकांत इंधनाची टाकीही डावीकडे. टोयोटाच्या टॅकोमा पिकअपवाल्यांनी तर या झुकण्याला लाडाने "टाको लीन" असं नाव दिलंय, आणि त्यासाठी फक्त डाव्या बाजूला घालायची पाव इंचाची चकती वेगळी मिळते. म्हणूनच काम सुरू करण्याआधी चारही आकडे लिहून ठेवा, नंतर स्वतःवर संशय येत नाही.

किटचे प्रकार कोणते, आणि माझ्या ट्रकला कुठलं लागतं?

ट्रकच्या खाली डोकावून पुढचं सस्पेन्शन कसलं आहे ते पाहिलं की अर्धी निवड तिथेच होते.

एफ-१५०, हल्लीच्या सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टॅकोमा, टुंड्रा यांत पुढे स्प्रिंग आणि शॉक एकत्र गुंफलेला स्ट्रट असतो. इथे तीन वाटा आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर बसणारा स्पेसर, ॲल्युमिनियम, पोलाद किंवा पॉलियुरेथेनचा. स्ट्रट उघडायचा नाही, फक्त काढायचा, वर स्पेसर बसवायचा, परत लावायचा. दुसरा स्पेसर स्प्रिंगच्या आत, स्ट्रटच्या टोपीखाली जातो. त्यासाठी स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडावा लागतो. हा घरी करू नका, कारण पुढे सांगतो. तिसरी वाट म्हणजे उंची बदलता येणारे नवे शॉक. बिलस्टाइन ५१०० हे त्यातलं प्रसिद्ध नाव. त्याच्या अंगावर खाचा असतात आणि स्प्रिंगची बैठक कुठल्या खाचेत अडकवायची त्यावर उंची ठरते. ट्रक ऐंशी हजार मैल चालला असेल आणि मूळ शॉक दमलेले असतील, तर स्पेसरवर पैसे घालण्यापेक्षा हे घ्या. मी नाही घेतले, आणि दोन वर्षांनी तेच काम दुसऱ्यांदा केलं.

सिल्व्हराडो २५०० एचडीसारख्या जड ट्रकांत पुढे स्प्रिंगच नसते, पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारा लांब दांडा, म्हणजे टॉर्शन बार असतो. तिथे बारच्या टोकाची "की" (बार पकडून ठेवणारा लोखंडी तुकडा) बदलून किंवा तिचा बोल्ट फिरवून उंची वाढते. अर्ध्या तासाचं काम म्हणून लोक सुसाट पिळतात आणि मग म्हणतात गाडी दगडासारखी चालते. फोर-व्हील ड्राइव्ह सुपर ड्यूटी किंवा रॅम २५०० ला पुढे सलग ॲक्सल आणि मोकळी कॉइल स्प्रिंग असते, तिथे स्प्रिंगवर जाड स्पेसर बसतो. हे काम सगळ्यात सोपं, पण ट्रॅक बारमुळे (ॲक्सल जागेवर धरणारा आडवा दांडा) ॲक्सल थोडा बाजूला सरकतो, त्याकडे लक्ष ठेवा.

एअर सस्पेन्शनच्या रॅमला यातलं काहीच लावू नका. तिथे उंची सेन्सर ठरवतो.

दोन इंचांचं किट मागवलं आणि पाकिटात एक इंचाचा स्पेसर निघाला. फसवलं का?

नाही. स्ट्रट खालच्या कंट्रोल आर्मला मधेच कुठेतरी जोडलेला असतो, चाक मात्र आर्मच्या टोकाला. दाराला बिजागरीजवळ बोटभर ढकललं की कडीच्या बाजूला वीतभर हलतं, तसंच हे. स्ट्रटवर एक इंच वाढला की चाकापाशी जवळपास दुप्पट फरक पडतो. याची उलट बाजूही लक्षात ठेवा. "अजून थोडंसं" म्हणून दोन स्पेसर एकावर एक चढवले, तर ते थोडंसं राहत नाही.

गाडी कडक होईल का? आणि खड्ड्यात "टक्" असा आवाज का येतो?

डोक्यावरच्या स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही. पण चाक खाली लोंबू शकेल ती जागा बदलते. वेगात स्पीड ब्रेकरवरून गेल्यावर चाक पूर्ण खाली जातं. स्ट्रट आता लांब झाल्याने वरचा कंट्रोल आर्म स्प्रिंगला किंवा त्याच्या बैठकीला टेकू शकतो, आणि तो "टक्" ऐकू येतो. बॉल जॉइंट (आर्म आणि नकल यांचा फिरता सांधा) आणि फोर-व्हील ड्राइव्हचे सीव्ही जॉइंट (चाकाला इंजिनची ताकद पोचवणारे सांधे) हेही जास्त कोनात काम करतात. दोन इंचांपर्यंत हे बहुतेक ट्रक निभावून नेतात. अडीच-तीनच्या पुढे जायचं असेल तर वेगळ्या कोनाचा वरचा आर्म घ्या. माझं मत विचाराल तर तिथवर जाऊच नका.

घरी बसवता येईल का? काय काय लागतं?

ज्याने स्वतःच्या गाडीचे ब्रेक पॅड बदललेत, त्याला डोक्यावरचा स्पेसर जमतो. पहिल्यांदा अख्खा दिवस धरा. दुकानात हेच काम दोन-तीन तासांत होतं, पण त्यांच्याकडे लिफ्ट असते आणि आपल्याकडे दर दहा मिनिटांनी हरवणारा सॉकेट.

दमदार जॅक, दोन जॅक स्टँड, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), लांब दांड्याचा पाना, मोठा हातोडा, पहार, आणि गंज सोडवणारं तेल. मिशिगनमध्ये हे तेल आदल्या रात्री मारायचं. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि पाच वर्षांच्या ट्रकचा नट हा नट नसून लोखंडाचा गोळा असतो. मित्राच्या सिल्व्हराडोचा एक बोल्ट काढायला आम्हाला पावणेदोन तास लागले. उरलेलं सगळं काम तेवढ्याच वेळात झालं.

कामाचा क्रम काय?

माझ्या एफ-१५० चा सांगतो. बाकी स्ट्रटवाल्या ट्रकांत तपशील बदलतात, धोरण तेच.

मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, हँडब्रेक घट्ट. पुढच्या दोन्ही बाजू एकदम उचला आणि फ्रेमखाली स्टँड लावा. एकच बाजू उचलली तर स्वे बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) दुसऱ्या बाजूशी झोंबत राहतो आणि काहीच सहज सुटत नाही. चाकं काढा. स्वे बारची लिंक सोडा. एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी त्यांच्या कंसातून मोकळी करा. हे विसरलात तर पुढे नकल खाली पडताना वायर ताणली जाते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर हबकडे जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्याही सांभाळा.

मग टाय रॉडचं (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) टोक आणि वरचा बॉल जॉइंट. बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नका, दोन-चार आट्यांवर ठेवा. नकलच्या बाजूने, जिथे जॉइंटचा दांडा शिरतो तिथे, हातोड्याचे दोन सणसणीत घाव घाला. दांड्यावर किंवा रबरावर नाही, नकलच्या लोखंडावर. "ठण्" आवाज बदलतो आणि जॉइंट सुटतो. तो सुटल्याचा क्षण फार समाधानाचा असतो. नट काढल्यावर नकल बाहेर लोंबू देऊ नका, दोरीने बांधून ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेकच्या नळीवर आणि सीव्ही जॉइंटवर येतो.

आता स्ट्रटचे खालचे नट, आणि शेवटी बॉनेट उघडून वरचे तीन. इथे एक मिनिट थांबा. त्या तिघांच्या मधोमध एक मोठा नट दिसतो, त्याला पाना लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्याच नटाने धरून ठेवलेली असते. तो सुटला तर स्प्रिंग बंदुकीसारखी सुटते. स्प्रिंगच्या आतला स्पेसर घरी करू नका म्हणालो ते याचसाठी. हवाच असेल तर स्ट्रट काढून दुकानात न्या आणि त्यांच्या भिंतीवरच्या यंत्रात उघडून घ्या.

स्ट्रट बाहेर आला की स्पेसर चढवा. परत लावताना तो लांब झालेला असतो, म्हणून खालचा आर्म पहारीने दाबून धरावा लागतो. इथे दुसरा माणूस हवा. आमच्याकडे हे काम बायको करते आणि तिचं म्हणणं आहे की खरं बळाचं काम तेवढंच आहे.

नट लगेच घट्ट आवळायचे का?

बहुतेक हो, तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला. पण आर्मच्या रबरी बुशिंगचे बोल्ट सोडले असतील, तर ते ट्रक चाकांवर उभा केल्यावरच शेवटचे आवळा. हवेत लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांच्या नटांना २०१५ नंतरच्या एफ-१५० त १५० फूट-पाउंड लागतात. साधारण शंभर मैल चालवून पुन्हा एकदा रेंच लावा.

काम संपलं, पण ट्रक चार इंच वर दिसतोय!

अजून मोजू नका. जॅकवरून उतरवल्यावर सस्पेन्शन अडकून उंच राहतं. गल्लीत एक चक्कर मारून या, मग टेप काढा.

अलाइनमेंट करावीच लागते का? गाडी तर सरळ चालतेय.

करावीच लागते. उंची बदलली की चाकांचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा कल) आणि टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्ही हलतात, अलाइनमेंट म्हणजे ते पुन्हा जुळवणं. स्टिअरिंग सोडून गाडी सरळ जाते याचा अर्थ एवढाच, की दोन्ही चाकं सारखीच वाकडी आहेत. पहिल्या वेळी मी "पुढच्या पगाराला करू" म्हणत सात आठवडे काढले. टायरच्या कडेवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत होतं. शंभर-दीडशे डॉलर वाचवायला गेलो आणि टायरची जोडी घालवून बसलो.

दिव्यांचं काय?

याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच विचारतोय. साधा हिशेब करा. क्रू केबिनच्या माझ्या एफ-१५० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १४५ इंच आहे. पुढचं दोन इंच उचललं तर ट्रकचं नाक जवळजवळ पाऊण अंश वर होतं. २५ फुटांवरच्या भिंतीवर दिव्याचा झोत त्यामुळे चार इंच वर सरकतो, आणि दिवे स्वतः वर गेले ते वेगळंच. लो बीम त्या अंतरावर दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दोन इंच खाली पडावा अशी जुळणी असते. म्हणजे जमिनीकडे वाकलेला झोत आता आकाशाकडे निघालाय. शंभर फुटांवर हा फरक सोळा इंचांवर जातो, थेट समोरच्या कारवाल्याच्या तोंडावर.

उपाय फुकटचा आहे. किट बसवण्याआधी संध्याकाळी सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर ट्रक लावा, झोताची वरची कड टेपने खूण करा, दिव्याच्या मध्यापासून ती किती खाली आहे ते लिहा. नंतर नव्या उंचीवरून तेवढीच खाली येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवा. मला दुकानात अलाइनमेंट करताना कोणी याबद्दल बोललं नाही. रोज रात्री आय-९६ महामार्गावर समोरचे मला डिपर मारत होते, आणि मला वाटायचं, एफ-१५० आवडली बहुतेक.

लेन राखणारा कॅमेरा आणि समोरचं अंतर ठेवणारा रडार बिघडतील का?

बिघडत नाहीत, पण तेही त्याच पाऊण अंशाने वर बघायला लागतात. असा ट्रक असेल तर रडार-कॅमेऱ्याची पुनर्जुळणी कोण करून देईल हे किट घेण्याआधीच विचारून ठेवा. तो खर्च किटपेक्षा जास्त निघू शकतो.

मोठे टायर बसतील?

किट घेण्यामागचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं. माझे मूळ टायर २७५/६५ आर१८, व्यास सुमारे ३२ इंच. आता २७५/७० आर१८ आहेत, ३३ च्या थोडे वर, आणि कुठेही घासत नाहीत. ३५ इंचीचा मोह टाळा, प्लास्टिक कापावं लागतं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतून खरखर येते. टायर बदलल्यावर स्पीडोमीटर खोटं बोलतो. माझा ६० दाखवतो तेव्हा ट्रक ६२ ने जात असतो. मायलेजही घसरतं.

ट्रेलर ओढायचाच आहे. आता काय करू?

हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असतो, तेवढं मागचं बसणार. भार पुढच्या ॲक्सलकडे परत ढकलणारा वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच लावा, त्याने सासऱ्यांचा उलाळ थेट कमी होतो. मागच्या पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवल्या तर मागचं वर येतं. पण त्याने वजन वाहण्याची ताकद वाढत नाही. ती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली आहे, तेवढीच राहते.

पुढचं अजून उंच आणि मागचं खाली असे ट्रक पाहिलेत. ते चालतं का?

त्याला "कॅरोलायना स्क्वॉट" म्हणतात, आणि ज्या कॅरोलायनाचं नाव त्याला मिळालं तिथेच त्यावर बंदी आली. नॉर्थ कॅरोलायनात डिसेंबर २०२१ पासून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच असेल तर गुन्हा आहे. साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला. दीड-दोन इंचांचं किट या भानगडीत येत नाही.

वॉरंटी जाते का?

सगळी जात नाही. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. पण त्या भागामुळे बिघाड झाला असं दिसलं, तर तेवढ्या दुरुस्तीला नकार मिळू शकतो. रेडिओ बिघडला तर काळजी नको, सीव्ही जॉइंट गेला तर वाद होणार. ट्रक लीजवर असेल तर हात लावू नका.

भारतात भावाकडे व्ही-क्रॉस आहे. त्याला पाठवू का हे किट?

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स, दोन्हींत पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत, म्हणजे तत्त्व तेच. पण कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांना बंधन घालतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. भावाला आधी आरटीओत विचारायला सांगा, मग बॅगेत जागा करा. आणि तो ती गाडी द्राक्षांच्या क्रेटसाठी वापरत असेल, तर पाठवूच नका.

पुढे कंटाळा आला तर मूळ स्थितीत आणता येतं?

स्पेसर असेल तर हो. तेच सगळं उलट, आणि अलाइनमेंट व दिवे पुन्हा. टॉर्शन बारवाल्यांनी बोल्ट किती आटे फिरवला ते आधीच लिहून ठेवावं. काढलेले मूळ नट-बोल्ट फेकू नका. माझे कॉफीच्या डब्यात आहेत, वर मार्करने "ट्रक, डावी बाजू" लिहिलंय. उजव्या बाजूचा डबा सापडत नाहीये.